पापणी उचलणारं औषध

आमच्याकडे साप चावला असं सहसा कुणी म्हणत नाही. पान लागलं म्हणतात. रात्रीच्या वेळी तर सापाचं नावही घेत नाहीत. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर, उदगीर हा नांदेड आणि लातूरच्या शिवेवरचा बालाघाटाचा खडकाळ पट्टा. पाऊस लागला की बिळांत पाणी शिरतं, सोयाबीन गुडघ्याला लागतं, आणि खुरपणाऱ्या बायकांचे हात नजर पोचत नाही तिथे जातात. मग पावसाळाभर तालुक्याच्या दवाखान्यांत पान लागलेली माणसं येत राहतात.

अशाच एखाद्या बाईला नाग चावून तासभर झालेला असतो. हाताला सूज, चेहरा घाबरलेला. दवाखान्याच्या पायऱ्या ती स्वतः चढून आली, पण आता पापण्या जड झाल्यात. "मावशी, झोप यायलीय का?" सिस्टर विचारते. झोप नसतेच. तिला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. "दोन-दोन दिसायलंय" असं ती सांगतेही. फक्त पापणी वर जात नाही. डॉक्टर तिला समोर बघायला सांगतात आणि पोरांच्या कंपासपेटीतली असते तसली पट्टी डोळ्याजवळ धरून पापणीखाली बुबुळ किती मिलिमीटर उघडं आहे ते मोजतात. तोंड उघडायला लावून वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजतात. छताकडे किती वेळ बघता येतं ते घड्याळावर बघतात. मग म्हणतात, मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा. बाई सुरू करते आणि अकराला दम संपतो. हे सगळं वेळेसकट केसपेपरवर चढतं. सर्पदंशाची लस सलाइनमधून सुरू झालेली असतेच. सोबत दोन छोटी इंजेक्शनं दिली जातात: ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन आणि १.५ मिलिग्रॅम निओस्टिग्मिन. त्यानंतर तासभर तीच मोजमापं पुन्हा पुन्हा.

पुष्कळदा अर्ध्या तासात पापणी उचलायला लागते. तीन मिलिमीटरचे पाच होतात, अकराचे अठरा होतात. मोठ्या यंत्राची गरज नाही, रक्ताचा रिपोर्ट नाही. पट्टी, घड्याळ आणि माणसाचा आवाज.

या निओस्टिग्मिनच्या कुपीचं घराणं शोधत मी बरेच दिवस घालवले. ते शोधावंसं वाटलं त्याचं कारण घरातलं आहे. माझ्या वडिलांच्या चुलतभावाला खळ्यावर झोपला असताना रात्री पान लागलं. मारुतीच्या पारावर नेलं, कडुलिंबाचा पाला खायला दिला. कडू लागतो म्हणाला. मग सगळ्यांच्या जिवात जीव आला, कारण विष चढलं असतं तर पाला गोड लागला असता असा समज. पहाटेपर्यंत पोटात दुखत होतं, मग डोळे मिटू लागले, मग थुंकी गिळता येईना. उजाडायला बैलगाडी जुंपली तोवर उशीर झाला होता. आजी शेवटपर्यंत सांगायची, "त्याला पाला कडू लागला होता रे." आजीचं बरोबर होतं. नाग-मण्यारीचं विष जिभेच्या चवीला हात लावत नाही. ते पकडतं मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधली जागा. त्या माणसाला पाला कडू लागत होता, आमच्या घरच्यांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि श्वासाचे स्नायू एकेक करून थांबत होते.

ही जागा माणसाला फार उशिरा सापडली. सापांची पारख मात्र आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात दर्वीकर, मंडली आणि राजिमंत असे गट आहेत: पळीसारखा फणा असलेले, अंगावर मंडलं असलेले, रेघा असलेले. नाग, घोणस आणि मण्यार बघितलेल्या कुणालाही ही वाटणी पटते. पण दंश झालेला माणूस नेमका कशाने मरतो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात प्रयोगशाळेत गेला. पॅरिसमध्ये क्लॉड बर्नार्ड दक्षिण अमेरिकेतल्या बाणांवरच्या विषाचा, क्युरारेचा, बेडकांवर अभ्यास करत होता. क्युरारे दिलेल्या बेडकाच्या मज्जातंतूला विजेचा झटका दिला तर स्नायू हलत नव्हता; तोच झटका थेट स्नायूला दिला तर स्नायू आकसत होता. म्हणजे स्नायू धड होता आणि अडत होतं ते दोघांच्या मधे. पुढे कलकत्त्यात नागांवर वर्षानुवर्षं काम केलेला जोसेफ फेरर आणि लंडनचा लॉडर ब्रंटन यांनी १८७०च्या दशकात नागाचं विष तपासलं आणि त्यांना क्युरारेची आठवण झाली. भारतातल्या विषारी सापांवरचा फेररचा मोठा चित्रग्रंथ १८७२चा. नागाच्या विषाने स्नायू मरत नाही, त्याला निरोप पोचत नाही, ही गोष्ट तेव्हापासून कागदावर आहे.

औषधाची मुळं मात्र वेगळ्याच मातीतली. आजच्या नायजेरियात क्रॉस नदीच्या मुखाशी कॅलाबार नावाचं गाव आहे. तिथल्या एफिक लोकांत चेटकाचा आळ आलेल्याला एका शेंगेच्या बिया खायला घालून दिव्य करवत. ओकून वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. या बिया एडिनबरोला पोचल्या. तिथे रॉबर्ट क्रिस्टिसन हा विषशास्त्राचा प्राध्यापक होता. १८५५ साली त्याने बीचा तुकडा स्वतःच चावून खाल्ला. अंगातलं त्राण जातंय, नाडी बिघडतेय हे लक्षात येताच दाढीचं साबणाचं पाणी पिऊन त्याने ओकारी काढली आणि मग स्वतःच्या लक्षणांची नोंद नीट लिहून ठेवली. त्याचा विद्यार्थी थॉमस फ्रेझर याने १८६२ साली त्याच बियांवर प्रबंध लिहिला. १८६४मध्ये जर्मनीत योब्स्ट आणि हेसे यांनी बियांतलं मूळ द्रव्य वेगळं काढलं: फायसोस्टिग्मिन. त्याच वर्षी प्रागमध्ये क्लाइनवेख्टर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने ॲट्रोपिन पिऊन बसलेल्या कैद्यांवर कॅलाबारचा अर्क वापरून पाहिला, आणि ही दोन द्रव्यं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात हे दिसलं. म्हणजे दवाखान्यातल्या त्या ट्रेवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कुप्यांची जोडी तेव्हाच जमली होती. निओस्टिग्मिनमुळे लाळ सुटते, नाडी मंदावते, पोटात कळा येतात. ॲट्रोपिन आधी दिलं की ते आवरतं आणि स्नायूंचा फायदा तेवढा राहतो.

१९०० साली व्हिएन्नात याकोब पाल याला दिसलं की क्युरारेने निपचित पडलेल्या कुत्र्याला फायसोस्टिग्मिन दिलं तर तो पुन्हा श्वास घेऊ लागतो. ही गोष्ट सापडली आणि तशीच पडून राहिली. कारण हे का घडतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

ते सांगता यायला जळू लागली. ओटो लोवीने १९२१ साली दाखवलं होतं की मज्जातंतू हृदयाला रसायनातून निरोप देतात. लंडनला हेन्री डेल १९१४पासून ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या मागे होता. अडचण अशी की ते शरीरात निमिषात विरतं. एक विकर त्याला लगेच तोडून टाकतं. मोजायचं कसं? १९३३ साली बर्लिनमध्ये ज्यू म्हणून नोकरीवरून काढलेला विल्हेल्म फेल्डबर्ग डेलकडे आला आणि येताना एक हातोटी घेऊन आला. जळूच्या स्नायूची पट्टी फायसोस्टिग्मिनच्या द्रावणात ठेवली की ते तोडणारं विकर बंद पडतं आणि ॲसिटिलकोलीनचा कणभर अंश आला तरी ती पट्टी आकसते. या जळूच्या साक्षीने डेल, फेल्डबर्ग आणि मार्था फोग्ट यांनी १९३६ साली सिद्ध केलं की हातापायांच्या स्नायूंनाही मज्जातंतू ॲसिटिलकोलीनच पाठवतात. त्याच वर्षी डेल आणि लोवींना नोबेल मिळालं. कॅलाबारचं बी नसतं तर मोजमापच झालं नसतं, हे मला या सगळ्या कहाणीतलं फार मोलाचं वाटतं. ज्याचं औषध झालं, त्यानेच प्रश्नही सोडवून दिला होता.

दरम्यान ग्रिनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर काम करत होत्या. तिथे मायस्थेनिया झालेली एक बाई होती: पापण्या पडलेल्या, जबडा लटकलेला, घास चावताना दमणारी. डेरेक डेनी-ब्राउन हा मज्जासंस्थेचा डॉक्टर बोलता बोलता म्हणाला की हा आजार क्युरारेच्या विषबाधेसारखा दिसतो. वॉकरबाईंनी सरळ विचार केला: क्युरारेवर जे चालतं ते हिला का चालू नये? १९३४ साली त्यांनी फायसोस्टिग्मिन दिलं आणि थोड्या वेळात पापणी वर गेली. पुढच्या वर्षी त्यांनी एक नवं, कृत्रिम औषध वापरलं. एश्लिमान आणि राइनर्ट या संशोधकांनी फायसोस्टिग्मिनच्या धर्तीवर १९३१ साली बनवलेलं ते औषध म्हणजे निओस्टिग्मिन. ना मोठं विद्यापीठ, ना प्रयोगशाळा. गरिबांच्या रुग्णालयातल्या एका सहायक डॉक्टरने रोग्याकडे नीट बघून हे केलं. मुखेडच्या केसपेपरवरचे मिलिमीटर वाचताना मला वॉकरबाईच आठवतात.

क्युरारे १९४२ साली माँट्रिऑलमध्ये भुलीच्या कामासाठी शस्त्रक्रियेच्या खोलीत आलं. पोटाचे स्नायू सैल करायचे, ऑपरेशन झालं की पुन्हा चालू करायचे. चालू करायला निओस्टिग्मिन. म्हणून लातूर असो, नांदेड असो की उदगीर, जिथे सिझेरियन होतं त्या दवाखान्यात ही कुपी भूलतज्ज्ञाच्या ट्रेमध्ये असतेच. सर्पदंशाच्या कामी ती तिथूनच उचलली गेली. भारतात बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली नाग-मण्यार गटाच्या दंशात निओस्टिग्मिनचा अनुभव मांडला. १९८६ साली फिलिपिन्समध्ये जॉर्ज वॉट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या नागाने चावलेल्या दहा रुग्णांवर एड्रोफोनियम हे याच कुळातलं झटपट औषध तपासलं, आणि तेही औषध कोणतं नि नुसतं पाणी कोणतं हे डॉक्टरलाही कळू न देता. औषध मिळालं त्या वेळी स्नायूंची ताकद वाढलेली दिसली.

मुखेडचं नाव या घराण्यात येतं ते डॉ. दिलीप पुंडे यांच्यामुळे. तालुक्याच्या गावात सर्पदंशाचे रुग्ण तपासत त्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या सर्पदंशाच्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव २००५ साली नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात छापला. मराठवाड्याचाच, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचा माणूस म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. त्यांनी महाडला विंचूदंशावर केलेलं काम लॅन्सेटपर्यंत गेलं. २००४ साली डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत त्यांनी ग्रामीण भागातल्या नाग आणि मण्यार दंशाची लक्षणं आणि उपचार यांवरही लिहिलं. या कामाला 'छोट्या गावातलं' म्हणून बाजूला ठेवणारे पाहिले की मला राग येतो. नाग चावलेला माणूस मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात कितीसा जातो? तो मुखेडला येतो, महाडला येतो. ज्ञान तिथेच तयार होणार.

आता मण्यारीकडे यावं लागतं, कारण तिच्याजवळ ही कुपी हात टेकते. लातूर-नांदेड एसटीला आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो, तसं नागाचं विष स्नायूवरच्या जागा धरून बसतं. ॲसिटिलकोलीन येतं आणि जागा नाही म्हणून उभं राहतं. विकर त्याला क्षणात उतरवून देतं. निओस्टिग्मिन त्या विकरालाच थांबवतं. उभी राहिलेली गर्दी वाढत जाते आणि रुमाल जरा सरकला की जागा मिळते. मण्यारीच्या विषाचा मोठा भाग वेगळं करतो. ते गाडी आगारातून निघूच देत नाही. मज्जातंतूचं टोकच ते आतून मोडतं, मग ॲसिटिलकोलीन सुटत नाही, आणि जे आलंच नाही ते वाचवणार काय? चंडीगढच्या डॉक्टरांनी २०१० साली मण्यारदंशाच्या रुग्णांवर हे तपासलं आणि निओस्टिग्मिनने फरक पडत नाही असंच आढळलं. मोडलेलं टोक पुन्हा वाढायला दिवस लागतात. तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. व्हेंटिलेटर असेल तर ठीक, नसेल तर अंबू पिशवी. मुखेडहून नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला निघालेल्या १०८च्या गाडीत ती पिशवी हाताने दाबत बसलेला माणूस म्हणजे त्या घडीला रोग्याची छाती असते. हात दुखला म्हणून थांबता येत नाही. माझ्या चुलत्याला मण्यारच चावली होती, असं आता त्या पोटदुखीवरून मला वाटतं. त्याला ही कुपी उपयोगी पडली नसती. पिशवी पडली असती.

याच मण्यारीच्या तैवानमधल्या बहिणीने विज्ञानाचं मोठं काम करून दिलं. १९६३ साली चांग आणि ली यांनी तिच्या विषातून दोन वेगळी द्रव्यं काढली. एक टोक मोडणारं आणि दुसरं नागासारखं, जागा धरून बसणारं. हे दुसरं इतकं घट्ट चिकटतं की त्याच्यामागे खूण लावून स्नायूवरच्या जागा चक्क मोजता आल्या. १९७३ साली मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंवर ते लावून पाहिलं आणि जागाच कमी आहेत हे दिसलं. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या ईल माशातल्या या जागांचं प्रथिन सशांना टोचलं, तर सशांना मायस्थेनियासारखा अशक्तपणा आला. शरीरच स्वतःच्या जागा मोडतं, हे तिथून कळलं. वॉकरबाईंच्या रोग्याचं कोडं असं सापाने सोडवलं.

या घराण्याची एक शाखा आमच्या शेतात आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा मागोवा मला संपवता येत नाही. ॲसिटिलकोलीन तोडणारं विकर थांबवायचं हीच युक्ती किड्यांवर वापरली की कीटकनाशक होतं. फायसोस्टिग्मिन रसायनाच्या जातीने कार्बामेट आहे. भोपाळच्या कारखान्यात बनायचं ते कार्बारिल त्याच जातीचं. फॉस्फरसवाली औषधं, मोनोक्रोटोफॉससारखी, त्याहून चिवट. ती विकराला सोडतच नाहीत. नापिकीच्या वर्षी घरात ठेवलेला तोच डबा कुणी उघडतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करतानाच विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. वॉर्डात अशी खाट नागदंशाच्या खाटेशेजारी लागते. एका खाटेवर तो निरोप पोचत नाही, दुसऱ्या खाटेवर तो थांबत नाही: लाळ, घाम, दाटलेली छाती, फडफडणारे स्नायू, टाचणीएवढी बाहुली. इथे निओस्टिग्मिन विषात भर घालेल. इथे त्याच्या जोडीदाराचं, ॲट्रोपिनचं काम. कुपीमागून कुपी, छाती मोकळी होईपर्यंत. विकराला सोडवणाऱ्या प्रॅलिडॉक्झिमवर बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमधल्या डॉ. पवार आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर चाचणी केली. ती २००६ साली लॅन्सेटमध्ये आली. दर चार तासांनी डोस देण्यापेक्षा ४८ तास सलग दिलेल्या औषधाने रुग्ण अधिक वाचले असं त्यांना दिसलं. २००९ साली श्रीलंकेतल्या चाचणीत मात्र प्रॅलिडॉक्झिमचा फायदा दिसला नाही, आणि वाद अजून चालू आहे.

कीटकनाशक पोटात गेलेल्याच्या घरच्यांना पहिल्या दिवशी फार भीती वाटते. दुसऱ्या दिवशी पेशंट बोलायला लागतो, चहा मागतो, आणि त्यांना वाटतं सुटला. श्रीलंकेच्या सेनानायके आणि करालियेद्दे यांनी १९८७ साली दाखवून दिलं की नेमकं तेव्हाच, एक ते चार दिवसांच्या मधे, काहींचे स्नायू पुन्हा ढिले पडतात. आधी मान, मग खांदे, मग श्वास. ॲट्रोपिनचा त्यावर इलाज नाही. ओळखायचं कसं, तर खाटेवर उताणं झोपवून एकच गोष्ट करायला सांगायची. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी, औषधाचा ट्रे घेऊन फिरताना, सिस्टर त्या खाटेपाशी थांबते, उशीवर हात ठेवते आणि म्हणते, "दादा, उशीवरून डोकं उचला बरं. हाताचा आधार घेऊ नका. उचला." आणि तो उचलेपर्यंत पुढच्या खाटेकडे जात नाही.